कापलेला वॉशर

शेणवे गावातल्या आमच्या घराचा परसातला नळ दोन वर्षं गळत होता आणि तो कुणाच्या बापाला थांबवता आला नव्हता. शेखरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तीनदा वॉशर बदलला. संध्याकाळी बदलावा, सकाळी पुन्हा धार चालू! वर हा म्हणणार, "हल्ली मालच हलका येतो." वैशाखात टाकी दुपारीच रिकामी व्हायला लागली आणि माझं डोकं फिरलं. सासरे, बारकूबाबा, औषधं आणायला शहापूरला गेले होते. शेखर कामावर. म्हटलं, आता मीच बघते.

टाकीचा कॉक बंद केला, पान्याने नळाचं डोकं खोललं आणि आतला वॉशर हातावर घेतला. रबर झिजलेलं नव्हतं. कलिंगडाची फोड काढावी तसा त्याचा तुकडा ब्लेडने कापून काढला होता.

म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलं होतं, आमच्याच परसात शिरून! माझा संशय सरळ कुंपणापलीकडे गेला. तिथे भिमीआत्या एकटी राहते, बाबांची सख्खी बहीण. नळाचं गळतं पाणी पन्हळीतून तिच्या हंड्यात पडतं, हे मला ठाऊक होतं. वाया जाण्यापेक्षा बरं, म्हणून मी गप्प होते. तिला विहिरीच्या पायऱ्या उतरवत नाहीत, दुसरं पाणी कुठून आणणार? पण भावाबहिणीचं बोलणं बंद. दोन वर्षांपूर्वी म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत आत्याने दोघांची सामाईक बैलजोडी बाबांना न विचारता विकून टाकली, आणि बाबांनी तिथेच म्हसोबासमोर शपथ घेतली, "माज्या हातानं हिला पान्याचा थेंब देनार नाय." बाबा शब्द मोडत नाहीत, असं अख्खं गाव सांगतं.

म्हणून म्हातारी चोरीवर उतरली तर! मला रागही आला आणि वाईटही वाटलं. तरी नवा वॉशर मी घट्ट बसवलाच. कॉक उघडला, नळातून एक थेंब पडेल तर शपथ. स्वतःवरच जाम खूश होऊन मी भाताला लागले.

दुपारी आत्या कुंपणाशी आली. कोरड्या हंड्यात हात घालून बघितला आणि एकदम किंचाळली, "नमरता गो! माजा दादा गेला काय?"

मी हादरलेच. "काय वंगाळ बोलता आत्या! बाबा शहापूरला गेलेत."

"खरा सांग. मंग नळ कसा बंद झाला?"

"मी दुरुस्त केला. तुमी कापलेला वॉशर दिला फेकून."

"मी?" आत्या मटकन खाली बसली. "अगो, तो दादा कापतो. शेखर नवा बसवतो, नि फाटेचा, उजाडायच्या आदी, दादा उठून परत खोलतो. हातानं द्याचा नाय ना, म्हणून नळाकडून देतो. मी रोज धार बघते. धार हाय, म्हंजी दादा हाय. आज नाय दिसली, तं माजं काळीजच..."

दोन वर्षं ज्या गळतीला मी उठताबसता शिव्या घातल्या, ती बाबांची होती! घरात कुणी आत्याचं नाव काढलं तर शून्यात बघणारे, मुलाला पुन्हापुन्हा वॉशर बदलायला लावणारे आमचे बाबा!

फाटक वाजलं. बाबा औषधांची पिशवी धरून उभे होते. त्यांनी किती ऐकलं कोण जाणे, पण चेहरा पांढराफटक पडला होता. आत्या पदर तोंडाला लावून रडत होती, तिने त्यांना बघितलंच नव्हतं.

मी घाईघाईने पाना पुढे केला. बाबांनी तो घेतला नाही. सरळ नळ सोडला, बादली भरली, उचलून कुंपणाशी आणली. घाईत अर्धं पाणी त्यांच्याच पायांवर सांडलं. उरलेलं त्यांनी कुंपणावरून वाकून तिच्या हंड्यात ओतलं.

"हाय मी, भिमे," ते म्हणाले. "हाय."