न चाखता दिलेली झुकिनी

गुरुवारी भल्या पहाटे मॉरीन ब्रॅमवेलने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि कपाळावर हात मारला. ओट्यावर झुकिन्या, खुर्चीवर झुकिन्या, आणि भांडी घासायच्या सिंकमध्ये तर मांडीएवढी एक आडवी पसरलेली!

"नॉर्मन, ह्यातली एक जरी माझ्या पातेल्यात गेली ना, तर मी सरळ माहेरी निघून जाईन."

"माहेरी? तुझ्या आईला जाऊन वीस वर्षं झाली."

"तरीही जाईन! निदान हे सिंक तरी मोकळं कर. चहाचा कप कुठे धुवू मी?"

घराघरातलं दुखणं आहे हे. वाचकहो, झुकिनी ही खरं तर वीतभर असताना तोडायची कोवळी भाजी. दोन दिवस नजर चुकली की ती दुधीला मागे टाकते, आणि मग तिला चव राहत नाही की गिऱ्हाईक. पण नॉर्मन तिच्याकडे मुद्दाम काणाडोळा करायचा. पोस्टमनच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्याचा सगळा जीव गावाबाहेरच्या भाड्याच्या वाफ्यात होता. ऑगस्टमधल्या भाजी-प्रदर्शनात सगळ्यात वजनदार झुकिनीला लाल फीत मिळते, त्या फितीसाठी त्याची ही खटपट. गेल्या वर्षी ती फीत त्याने पटकावली होती. ज्या फळाने ती मिळवून दिली, त्याचंच बी त्याने लेकरासारखं जपून ह्या वर्षी लावलं होतं.

एक फळ स्पर्धेला जातं. उरलेल्या थोराड फळांचं काय करायचं? ह्या प्रश्नाचं त्याचं उत्तर ठरलेलं होतं. पहाटे मऊ तळव्यांचे जुने बूट घालायचे, हातगाडी घ्यायची आणि मिल स्ट्रीटवरच्या अकरा दारांपुढे एकेक झुकिनी ठेवून यायची. बेल वाजवायची नाही, नाव लिहायचं नाही, कुणाला विचारायचं तर मुळीच नाही. गल्लीतले लोक वर्षभर मोटारी उघड्या ठेवत, पण ऑगस्टमध्ये आठवणीने कुलूप लावत. नाहीतर मागच्या सीटवर झुकिनी येऊन बसायची! पण तोंडावर कुणी काही बोलत नसे. नॉर्मन रस्त्यात भेटला की "वा, काय सुंदर झुकिनी!" म्हणायचं आणि घरी जाऊन ती कचऱ्यात टाकायची. धर्माची गाय, तिचे दात कोण मोजणार?

फक्त तेवीस नंबरच्या प्रॉक्टरबाई वेगळ्या. वय शहाऐंशी, घरात एकट्या. महायुद्धातल्या रेशनच्या दिवसांत वाढलेल्या ह्या बाईने आयुष्यात पावाचा तुकडा कधी फेकला नव्हता. झुकिनी कुणाकडून येते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दर वेळी नॉर्मनच्या नावाने त्या टपालाने आभाराचं कार्ड पाठवत. नऊ वर्षांची कार्डं त्याने बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती. आपली भाजी कुणालातरी मनापासून आवडते ह्याचा तो एकमेव पुरावा होता ना!

तर त्या गुरुवारी सिंक मोकळं झालं. अकरा दारांपुढे अकरा झुकिन्या गेल्या.

शनिवारी प्रदर्शन होतं. सकाळी नऊ वाजता नॉर्मन स्पर्धेची झुकिनी जुन्या घोंगडीत गुंडाळत होता, तेवढ्यात दार वाजलं. दारात गल्लीतलीच बेरिल टनिक्लिफ उभी होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं घालवलेली, फाटक्या तोंडाची आणि सरळ मनाची बाई. तिच्या काखेत नॉर्मनचीच एक झुकिनी होती. मिल स्ट्रीटच्या इतिहासात झुकिनी परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"सुरी आण," बेरिल म्हणाली.

तिने ओट्यावर एक पातळ चकती कापली. "जिभेच्या टोकाला लाव. गिळू नकोस!"

त्याने लावली, आणि दुसऱ्याच क्षणी सिंककडे धावला. तो कडवटपणा साधासुधा नव्हता. तीन वेळा चुळा भरल्या तरी तो जिभेवरून हलेना.

"ह्या वर्षी तू स्वतः किती खाल्ल्यास?"

नॉर्मनने मॉरीनकडे पाहिलं, मॉरीनने जमिनीकडे. "एकही नाही."

"बी कुठलं?"

"माझंच. गेल्या वर्षीच्या फितीवालीचं."

"आणि गेल्या वर्षी तुझ्या शेजारच्या वाफ्यात शोभेचे भोपळे कोणी लावले होते? ते कुबडाचे, पिवळे-हिरवे?"

नॉर्मन मटकन खुर्चीत बसला. शोभेचे भोपळे खायचे नसतात, ते कडूजहर असतात. मधमाशीला कुंपण कळत नाही. तिकडचा पराग इकडे आला, फळ तसंच दिसलं, पण बियांत विष उतरलं, आणि त्या बियांतून ह्या वर्षीच्या फळांत.

"विषच म्हणायचं ते," बेरिल म्हणाली. "शिजवून जात नाही, मीठ घालून जात नाही. धडधाकट माणसाला उलट्या-जुलाबाने आडवं करतं. म्हाताऱ्या माणसाचं तर विचारू नकोस. चल, उठ! अकरा दारं आहेत."

नॉर्मन उठला नाही. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याच्या मनात पहिली भीती लोकांच्या जिवाची नव्हती, स्वतःच्या अब्रूची होती.

"बेरिल, सगळे टाकूनच देत असतील गं. आणि नाव कुठे लिहिलंय मी? एखादी चिठ्ठी टाकू या का, नाव न घालता?"

"लाज नाही वाटत?" बेरिल कडाडली. "रोज सात तास उन्हातान्हात पत्रं वाटलीस तू, एक कधी चुकीच्या दारात टाकलं नाहीस. आणि परवा जे वाटलंस ते कोणाच्या पोटात गेलं, हे बघायला आज पाय जड झाले? अरे राजा, तीस वर्षं मी दोनशे पोरांचं जेवण रांधलं. पहिला घास माझ्या तोंडात गेल्याशिवाय एक ताट पुढे सरकलं नाही. जे आपण खात नाही ते दुसऱ्याच्या दारात ठेवायचं, ह्याला देणं म्हणत नाहीत. त्याला कचरा टाकणं म्हणतात!"

तेवढ्यात दाराच्या फटीतून टपाल पडलं. मॉरीनने ते उचललं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "नॉर्मन... प्रॉक्टरबाईंचं कार्ड आहे."

त्याने ते वाचलं. गुरुवारची तारीख होती. 'प्रिय नॉर्मन, पुन्हा एकदा किती सुंदर झुकिनी! आत्ताच मोठं पातेलंभर सूप चढवलं आहे. रविवारपर्यंत नक्की पुरेल.'

रविवारपर्यंत! नॉर्मनने बोटं मोजली. गुरुवार, शुक्रवार, आज शनिवार.

"तू पळ," बेरिल म्हणाली. "बाकीची दहा दारं मी आणि मॉरीन बघतो."

अडुसष्ट वर्षांचा नॉर्मन घरातल्या सपाता घालूनच धावत सुटला. वाटेत कोणी हाक मारली, "अरे, फीत पळून जातेय की काय?" त्याला ती ऐकूच आली नाही. त्याची नजर लांबूनच तेवीस नंबरच्या खिडकीवर लागली होती. तीस वर्षं त्या घरात पत्रं टाकताना त्याने एक गोष्ट रोज पाहिली होती: सातच्या आत प्रॉक्टरबाईंचे पडदे उघडलेले असत. पाऊस असो, ताप असो, नवऱ्याच्या अंत्ययात्रेच्या दिवशीसुद्धा. आता साडेनऊ वाजले होते. पडदे बंद होते, आणि दुधाच्या दोन बाटल्या उंबऱ्यावर तशाच उभ्या होत्या, एक कालची आणि एक आजची.

त्याने बेल दाबली. दार ठोठावलं. काही नाही.

गुडघ्यांवर बसून त्याने दारातली पत्र टाकायची झडप उचलली आणि आत हाक मारली, "प्रॉक्टरबाई! मी नॉर्मन!"

आतून आंबूस वास आला. मग फार खालून, जमिनीजवळून, एक क्षीण आवाज आला.

"नॉर्मन का? माफ करा हं. मी आज जरा... कोणाला भेटण्यासारखी नाही. कार्ड पोचलं का?"

जुन्या माणसांच्या घरी दाराची किल्ली दोरीला बांधून झडपेच्या आत लोंबत ठेवायची पद्धत होती. पोस्टमनला हे सगळ्या गावाचं ठाऊक असतं. त्याने हात आत घातला. दोरी बोटाला लागली आणि निसटली. पुन्हा लागली, पुन्हा निसटली. 'देवा, असू दे, किल्ली असू दे तिला!' तिसऱ्यांदा ती हातात आली. किल्ली होती.

प्रॉक्टरबाई जिन्याखाली पॅसेजमध्ये पडल्या होत्या. तोंड पिठासारखं पांढरं, ओठ सुकून फाटलेले. नॉर्मनने रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडची बाई सांगेल तसं त्यांना कुशीवर वळवलं, कोट पांघरला आणि तिथेच फरशीवर बसून त्यांचा हात धरला. हात गार होता, इतका गार की दर मिनिटाला तो नाडी चाचपून बघायचा. ती कधी लागायची, कधी लागायची नाही, आणि लागली नाही की ह्याचाच श्वास थांबायचा.

"किती दिवस झाले हे?"

"गुरुवारी रात्रीपासून. उगाच डॉक्टरांना कशाला त्रास, म्हटलं. पोट बिघडलंय तर हलकं खावं, म्हणून... थोडं सूपच घेत होते."

"तेच सूप?" नॉर्मन जवळजवळ ओरडला. "कडू नाही लागलं?"

"लागलं. चांगलंच कडू होतं." त्यांनी डोळे मिटले. "पण तुम्ही इतक्या प्रेमाने आणून ठेवली होतीत. टाकायची कशी? आणि तुम्ही निघा हं आता, आज प्रदर्शन आहे ना? तुम्हाला उशीर होईल."

नॉर्मनला तिथे रडू फुटलं. मोठ्या माणसाला शोभणार नाही असं, हुंदके देऊन.

"प्रेमाने नव्हती हो ठेवली, प्रॉक्टरबाई! मला सिंक मोकळं करायचं होतं. बस्, एवढंच. मी ती चाखलीसुद्धा नव्हती."

प्रॉक्टरबाईंच्या हाताची पकड सैल झाली. नॉर्मन हाका मारत राहिला, आणि सव्वीस मिनिटांनी गाडीचा आवाज आला, तोपर्यंत त्याचा घसा बसला होता.

वाचकहो, प्रॉक्टरबाई वाचल्या. पहिल्या रात्री डॉक्टरांनी कसलाच भरवसा दिला नाही. दोन दिवस जीव टांगणीला होता. मूत्रपिंडं थकली होती, अंगातलं पाणी पार आटलं होतं. आठ दिवस त्या इस्पितळात राहिल्या. स्पर्धेची झुकिनी घोंगडीतच सडली, आणि फीत कोणाला मिळाली हे नॉर्मनने विचारलंदेखील नाही.

आणि बाकीची दहा दारं? बेरिलची झुकिनी तर परतच आली होती. उरलेल्या नऊ घरांतली एकही कोणी खाल्ली नव्हती. आठ गुरुवारीच कचऱ्यात गेल्या होत्या, आणि एका घरी ती गॅरेजच्या दाराला अडण म्हणून लावलेली सापडली. सगळे ओशाळून हसत होते. "तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही रे," प्रत्येक जण म्हणाला. नऊ वर्षं सगळी गल्ली त्याच्याशी गोड खोटं बोलत आली होती, आणि त्यातल्या एकाने जरी "नको रे बाबा" म्हटलं असतं, तर? हा प्रश्न नॉर्मनइतकाच त्यांनाही छळत राहिला.

वाफेवाल्यांच्या पुढच्या सभेत नॉर्मन उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं, अब्रूचं आणि नाव नसलेल्या चिठ्ठीचंसुद्धा. पुढे बसलेली बेरिल एवढंच म्हणाली, "आता लिहून घ्या." घरचं बी लावायचं तर शेजारी काय लावलंय ते आधी बघायचं. फळ द्यायच्या आधी कच्ची चकती जिभेला लावायची. कडू लागलं की सगळं फेकायचं, अगदी फीतवालं असलं तरी. आणि दारात ठेवून पळायचं नाही. बेल वाजवायची, विचारायचं.

सप्टेंबरच्या शेवटी नॉर्मनने तेवीस नंबरची बेल वाजवली. हातात विकतच्या बियांच्या चार कोवळ्या, वीतभर झुकिन्या होत्या.

"प्रॉक्टरबाई, ह्या वेलीच्या काल रात्री मी आणि मॉरीनने खाल्ल्या. गोड आहेत. तुम्हाला हव्या आहेत का?"

प्रॉक्टरबाई दाराला धरून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. तोंड दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं. शहाऐंशी वर्षांत न केलेली गोष्ट त्या करायला निघाल्या होत्या.

"नको," त्या म्हणाल्या. "नॉर्मन, मला झुकिनी आवडत नाही. कधीच आवडली नाही."

"पण नऊ वर्षं... ती कार्डं?"

"तुम्ही इतकं चालत येत होतात."

नॉर्मनला हसावं की रडावं कळेना. तो पायरीवरच बसला. "मग तुम्हाला आवडतं तरी काय?"

"कोणी विचारलंच नव्हतं," प्रॉक्टरबाई म्हणाल्या. आणि थोडं थांबून, पोरीसारख्या लाजत, "मटार."

मंडळी, आपल्या घरातही एखादं सिंक भरलेलं असतं. कधी जुने कपडे, कधी कालचं जेवण, कधी कुणी न मागितलेला सल्ला. ते दुसऱ्याच्या दारात ठेवून आपण दातृत्वाच्या समाधानाने झोपतो, आणि तो दुसरा सभ्यपणाने कडू घोट गिळत राहतो. देणाऱ्याने आधी स्वतः चाखावं आणि मग विचारावं. घेणाऱ्याने कडू ते कडू म्हणावं. ह्या दोन गोष्टींना पैसा लागत नाही, फक्त थोडी लाज सोडावी लागते.

नॉर्मन घरी आला, बिस्किटांचा डबा उघडून ती सगळी कार्डं पुन्हा एकदा वाचली आणि डबा रिकामा केला. आता त्यात मटारचं बी आहे.