काकूंचे पुठ्ठा कापायचे यंत्र

मित्रांनो, माझे सगळे आयुष्य पुठ्ठा कापण्यात गेले. मी एका लांब पात्याचे, जुने आणि वजनदार यंत्र आहे.

काकूंनी मला आणले तेव्हा गावातला साबणाचा कारखाना बंद पडला होता. सकाळची बस परगावी कामाला जाणाऱ्यांनी खचाखच भरायची. काकूंनी घराच्या पुढच्या खोलीत खोकी करायला सुरुवात केली. आधी तर वाईटच झाले. आमच्यामुळे समोरच्या खोकीवाल्याचा धंदा बसला आणि त्याच्याकडची दोन माणसे घरी बसली. काकूंना घास गोड लागेना. त्यांनी त्या दोघांनाच कामावर घेतले.

माझ्यावर कुणाचा हात बसला की काकू म्हणायच्या, "शिकलीस ना? आता स्वतःचं काहीतरी काढ."

काका कपाळाला हात लावायचे. "अगं, शिकतो तो आपल्याच दारात दुकान थाटतो."

"थाटू दे की. त्यालाही माणसं लागतीलच ना?"

लागली. कुणी पिशव्या करू लागले, कुणी छपाई. त्यांच्यामागे डिंकवाला आला, टेम्पोवाले आले. हळूहळू सकाळची बस निम्मी रिकामी जाऊ लागली.

मग काकू गेल्या. काका खोलीत पाऊल टाकेनात. माझे पाते गंजले. एक दिवस भंगारवाला मला चाचपून गेला.

त्याच संध्याकाळी पिशवीवाली आली. ती इथेच शिकलेली. "काका, मशीन विकू नका. मला दोन बायका कामाला हव्यात, पण कापायला कुणालाच येत नाही. शिकायला पाठवू कुठं?"

"मला काय विचारतेस? शिकवायची ती तुझी काकू."

"आणि तुम्ही इतकी वर्षं शेजारी उभे राहून माशा मारत होतात?"

काकांनी खोलीत येऊन माझ्या पात्यावरचा गंज घासायला घेतला. मग म्हणाले, "उद्या पाठव दोघींना. पण मी ओरडतो, सांगून ठेव."

ते ओरडतात खरे. पण दोघींचा काप आता सरळ येतो.

मित्रांनो, मला आणणाऱ्या आणि मला राखणाऱ्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. तुमच्याकडे एखादे जुने यंत्र असेल तर त्याला तेल द्या. आणि ते चालवणारे माणूस जवळ आहे तोवर त्याच्या शेजारी उभे राहून शिकून घ्या.