हुंडा नको, पोर बारीक करा

जामनेरला पितांबरभाऊंच्या घरामागं कापसाचं गोदाम होतं आणि तिथं दर रविवारी सकाळी घरातली लग्नाची पोर तोलली जायची. थट्टा नाही हो, खरंच तोलली जायची. ब्याण्णव सालचा फाल्गुन होता. ज्या लोखंडी काट्यावर कापसाची गाठोडी चढायची, त्यावरच त्यांची लेक कुंदा उभी राहायची आणि तिची भिकुबाई आत्या चष्मा सावरत काट्याच्या दांडीवर वाकायची.

"उतरना! आज बी काटा उतरना!" आत्या टाळी वाजवायची. "पोर गुणानी शे मनी!"

पितांबरभाऊ खूश होऊन मान डोलवायचे. काट्यावरून उतरताना कुंदाला हल्ली भिंत धरावी लागते, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

हे सगळं सुरू झालं ते धुळ्याच्या लोटनभाऊंपासून. त्यांचा मुलगा गिरधर वीज मंडळात नोकरीला. संक्रांतीनंतर ते कुंदाला बघायला आले, पोहे खाल्ले आणि मोठ्या दिलदारपणे म्हणाले, "पितांबरभाऊ, आमले हुंडा नको, मानपान बी नको. पोर जराशी जाडी शे, तेवढी बारीक करा. आखाजीले, अक्षय्य तृतीयेले, लगीन लावू."

केवढं कौतुक झालं त्यांचं! हुंडा न घेणारा माणूस म्हणून गल्लीत चार घरी त्यांचं नाव निघालं. हुंडा नाही तर नाही, पोरीच्या अंगावरचं मांस मागतोय हा गृहस्थ, असं एकाच्याही मनात येऊ नये?

भिकुबाईनं कारभार हाती घेतला. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार उपवास. उपवासाला साबुदाणा, रताळं, चहा. उरलेल्या दिवशी अर्धी भाकरी आणि चटणी.

"दाळ नको देऊ तिले," ती सुगंधाबाईला, म्हणजे कुंदाच्या आईला, बजावायची. "दाळवरी अंग धरस. दूध तर नावच नको घेऊ."

आणि कामही बंद. हळद लागायची पोर, उन्हात काळवंडायला नको. नदीकडं जाणं नाही, शेतात जाणं नाही, मैत्रिणींबरोबर गावातून एक फेरी मारणं नाही. पोरीनं खाटेवर बसायचं, गरम पाणी प्यायचं आणि बारीक व्हायचं. सुगंधाबाईच्या जिवाला घोर लागला. रात्रंदिवस तिला चैन पडेना, पण नणंदेपुढं बोलायची छाती होईना.

एका दुपारी कुंदानं अंगणातली भरलेली कळशी उचलली आणि दोन पावलांवर मटकन खाली बसली. पाणी सगळीकडं सांडलं. तिनं उठायचा प्रयत्न केला, पुन्हा केला, आणि रडायलाच लागली.

"माय, मना पायस्मा जीवच नही."

ही तीच पोर, जी गेल्या साली कापसाचं गाठोडं एकटी डोक्यावर घ्यायची! सुगंधाबाईनं दुसऱ्या दिवशी लुगडं घ्यायचं निमित्त काढलं, एसटी पकडली आणि लेकीला घेऊन जळगावात पिंप्राळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडं गेली.

बाईंनी कुंदाला हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगितलं. तिला जमेना. दंड दाबून पाहिले, मांड्या पाहिल्या, काय खाते ते विचारलं आणि त्यांचा चेहरा तापला.

"वजन उतरलं म्हणजे चरबीच उतरली असं कुणी सांगितलं तुम्हाला? चरबी बरीचशी आहे तिथंच आहे. झिजलेत ते स्नायू, हिच्या अंगातली ताकद."

"पण बाई, जाडी होती ना ती..."

"होती. वजन कमी व्हायला हवंच. पण हळूहळू आणि पोटभर खाऊन. डाळ, दूध, दही, शेंगदाणे, चालत असतील तर अंडी. त्यात प्रथिनं असतात, आणि प्रथिनांमध्ये अमायनो आम्लं. स्नायू बांधायला तोच माल लागतो. तो नाही मिळाला की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. आणि नुसतं खाऊनही भागत नाही. रोज चालायचं, खुर्चीवरून उठबस करायची, झेपेल तसं वजन उचलायचं. काम दिल्याशिवाय स्नायू धरत नाहीत. तुम्ही तर पोरीला खाटेला बांधून ठेवलंय!"

परतीच्या एसटीत सुगंधाबाई पदरात तोंड खुपसून रडली. आपल्या हातानं आपण लेकीचं ताट ओढलं, हे तिला सहन होईना.

घरी येऊन बघते तर ओसरीवर लोटनभाऊ! न सांगता आले होते. कुंदाला समोर बोलावलं, पाटावर बसवलं.

"वा वा! बरीच उतरनी की!" ते पितांबरभाऊंकडं बघून हसले. "अजून जराशी उतरू द्या. आखाजीले येळ शे."

"ऊठ बेटा, पाया पड," आत्या म्हणाली.

कुंदानं एक हात जमिनीला टेकला. मग दुसरा. अंग काही उचललं जाईना आणि ती पुन्हा पाटावर बसली. आत्या खोटं हसत म्हणाली, "लाजस माय."

"लाजत नही ती!" सुगंधाबाई दारातून ओरडली. असा आवाज त्या घरानं कधी ऐकला नव्हता. "मनी पोर उपाशी शे, लोटनभाऊ! तुमनासाठे उपाशी शे!"

"अवं, पाहुणासमोर काय बोलस?" पितांबरभाऊ धावले. "बठ्ठा गाव काय म्हणी?"

लोटनभाऊ टोपी सारखी करत उठले. "आसं आसीन तर मंग लगीन व्हवाव नही."

सगळे पितांबरभाऊंकडं बघत होते आणि ते जमिनीकडं. तेव्हा पाटावरूनच कुंदा बोलली.

"माय, भूक लागनी. दाळभाकर वाढ."

सुगंधाबाईनं ताट आणलं. पाहुण्यांदेखत, बापादेखत कुंदा जेवली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात थांबला नाही. लोटनभाऊ चहा न घेताच गेले.

लग्न मोडलं. भिकुबाईनं बोलणं टाकलं, पितांबरभाऊ लेकीसमोर येईनात. दुसऱ्या दिवशी उजाडताच मायलेकी भुसावळच्या रस्त्यानं चालायला निघाल्या, तर ओट्याओट्यावरून बायका बघत होत्या आणि तोंडाला पदर लावून हसत होत्या. कुंदा लवकरच दमली आणि आईचा खांदा धरून उभी राहिली. मग पुन्हा चालू लागली.

हसणाऱ्यांचं सोडा हो. आज तुमच्या घरी मुलगी बघायला पाहुणे येणार असतील आणि "काय बारीक झाली गं!" म्हणून तिचं कौतुक चाललं असेल, तर तिला आत बोलावून एवढंच विचारा: जेवलीस का? "हो" म्हणाली तरी खरं मानू नका. तिच्यापुढं ताट वाढा आणि ती जेवेपर्यंत पाहुण्यांना बसू द्या बाहेर.