नागलीच्या पिठाची भिंत

धुरपदाबाई नापास झाली असं परीक्षा घेणाऱ्या योगेंद्र सरांनी सांगितलं, तेव्हा ती नळाखाली थापी धूत होती. पण ते राहू द्या. तसं अजून काही झालेलंच नाही. गवंड्यांच्या परीक्षेला अजून आठवडा आहे, धुरपदाबाई साक्रीजवळच्या आपल्या गावी अंगणात उकिडवी बसून विटेवर वीट ठेवते आहे, आणि सून रत्ना मोबाइलमध्ये बघून तोंडी परीक्षेचे प्रश्न विचारते आहे.

“आत्या, कामवर डोकावर काय घालतस?”

“घमेलं.”

“हेल्मेट, आत्या! हेल्मेट!”

“मंग घमेलं कोठे ठेवू?”

रत्नाने मोबाइलमध्ये शोधलं. या मुद्द्यावर मोबाइल गप्प होता.

धुरपदाबाईचं आयुष्य घमेल्याखाली गेलं. नवरा निंबा मिस्त्री भिंत बांधायचा, ही माल वाहायची. पुढे निंबाचा मोतीबिंदू पिकला, पण मिस्त्रीपण काही सुटेना. तो भिंतीच्या पायाशी बसून “ओळंबा धर, ओळंबा धर” म्हणायचा आणि वर धुरपदाबाई भिंत बांधायची. गावोगावी त्या भिंतींना लोक निंबा मिस्त्रीच्या भिंती म्हणत. धुरपदाबाईही म्हणायची. निंबा गेला, दहावं झालं, आणि धुरपदाबाईला भिंत बांधता येत नाही असं एकाएकी सगळ्यांच्या लक्षात आलं.

घरकुलांची कामं घेणारा तोताराम ठेकेदार मात्र भला माणूस. तो म्हणाला, “वहिनी, हात तुमना चांगला शे. पण साहेब कागद मांगतस. परीक्षा द्या, कागद आना, थापी ल्या. नही तं घमेलं शेच.”

मानेचे मणके झिजले होते. घमेलं आता डोक्यावर कमी आणि मानेत जास्त बसायचं. म्हणून धुरपदाबाई परीक्षेला तयार झाली.

सराव काय नि परीक्षा काय, भिंत साध्या मातीच्या गाऱ्यात बांधायची होती. बांधा, ओळंबा लावा, पाडा, विटा खरवडून रचून ठेवा. ती रोज एक भिंत उभी करायची आणि संध्याकाळी पायाने ढकलून द्यायची. कोंबड्यांनी अंगणात फिरकणं सोडलं.

“आत्या, आनि परीक्षाले भितवर तुमनं नाव लिखतस,” रत्ना वाचता वाचता म्हणाली. “खडूनी. मंग फोटो काढतस.”

धुरपदाबाईचा हात थांबला. “मनं?”

“तुमनंच. आखो कोनं?”

“आनि मंग ती भितनं काय करतस?”

“दहावीना पेपर तं जपीसन ठेवतस बुवा,” रत्ना म्हणाली. ती दहावी झालेली होती, त्यामुळे हे खरंच असणार.

आपल्या नावाची, जपून ठेवायची भिंत गाऱ्यात कशी बांधायची? परीक्षेच्या दिवशी धुरपदाबाई धुळ्याच्या एसटीत चढली तेव्हा तिच्याजवळ एक गोणी होती.

“मावशी, काय आहे यात?” कंडक्टरने विचारलं.

“पीठ.”

“असं राखाडी?”

“नागलीनं शे.”

कंडक्टर नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी खाऊन वाढलेला नव्हता. त्याने मान डोलावली.

प्रशिक्षण केंद्राच्या मागच्या पटांगणात परीक्षार्थी आपापल्या कोपऱ्यात कामाला लागले. धुरपदाबाईने पहिल्या विटेला हळद-कुंकू लावलं, आणि दुसऱ्या थरापासून गाऱ्याऐवजी वाळूत नागलीचं पीठ कालवायला घेतलं. कुणाचं लक्ष नव्हतं. प्रत्येकाचं डोकं आपापल्या सुतावर. दुपार कलली तेव्हा भिंत उभी होती. योगेंद्र सरांनी ओळंबा सोडला, मागे सरून पुन्हा सोडला, आणि खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: धुरपदाबाई निंबा अहिरे.

तिला वाचता येत नव्हतं. तरी ती ते बराच वेळ वाचत राहिली.

फोटो निघाले, पण नेटवर्क नव्हतं. फोटो वर गेल्याशिवाय भिंती पाडायच्या नाहीत असा नियम. पुढे रविवार आला. सगळ्यांना सोमवारी परत बोलावलं.

सोमवारी बाकीच्यांनी आपापल्या भिंती ढकलल्या. दोघांच्या रविवारीच स्वतःहून पडल्या होत्या, ते खुशीत होते. धुरपदाबाईच्या भिंतीला सरांनी स्वतः लाथ घातली आणि ते थोडा वेळ एका पायावर उभे राहिले.

“मावशी, यात सिमेंट टाकलंय का?”

“थोडंसं.”

“थोडंसं?”

“गोणीभर.”

“अहो, ही पाडायचीच असते! पुढच्या बॅचला याच विटा लागतात.”

“नाव लिखेल भित पाडतस?”

“नाव फोटोपुरतं असतं, मावशी.”



सर वाईट नव्हते. त्यांनी स्वतः जाऊन घण आणला. “हे बघा, बाकी सगळ्यात तुम्ही पहिल्या आहात. एवढी पाडा, विटा रचा, मी लगेच पास लिहितो. चार घाव घाला फक्त.”

तिने घण घेतला, खांद्यापर्यंत नेला. खडूची अक्षरं समोरच होती. मान ठणकत होती, आणि घमेलं म्हणजे काय हे त्या मानेइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने घण खाली ठेवला, आपटला नाही, ठेवला.

“माले नही जमाव, सर.”

“मग मला नापास लिहावं लागेल.”

“लिखा. तुमनं काम तुम्ही करा.”

आणि ती थापी धुवायला नळाकडे गेली.

त्याच आठवड्यात तोतारामच्या कामावर जेवणाच्या सुट्टीत तिने घमेलं उतरवलं, मान दाबत सावलीला बसली आणि डबा घेऊन आलेल्या रत्नाला अर्ज सांगितला. ऑफिसची भाषा रत्नाने घातली.

“मा. केंद्रप्रमुख यांस. अर्जदार नापास आहे, हे अर्जदारास मान्य आहे. तरी सदर भिंत पास समजण्यात यावी व पाडण्यात येऊ नये. तसेच सदर भिंतीवरील नाव खडूचे असल्याने पावसाळ्यात ते पुसले जाईल. सबब दरवर्षी दिवाळीपूर्वी एक दिवस अर्जदारास केंद्राच्या आवारात येऊन ते पुन्हा लिहिण्याची परवानगी मिळावी, व अर्जदारास लिहिता येत नसल्याने केंद्राने त्या दिवशी एक लिहिणारा इसम उपलब्ध करून द्यावा, ही नम्र विनंती.”