चुन्याचा फेस

गावात टेम्पो घेऊन आलेल्या बाबांनी तांब्यातलं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं आणि माती फसफसून उठली. बांधावर दाटलेली गर्दी एकदम मागे सरली. मग बाबा उघड्या रानात गेले, तिथंही ओतलं. माती नुसती भिजली.

"पाहिलंत? उघडी जमीन शांत आहे. झाडाखालची तडफडतेय! मुळांनी तिचा गळा आवळलाय. झाडं कापा, वर माझं पाणी शिंपडा, मग बघा काय पिकतं ते!"

पाण्याचे कॅन टेम्पोत तयारच होते.

गर्दीच्या मागे उभी असलेली त्या घरची धाकटी सून पुढे सरली. झाडं तिची होती. वरची माती वाऱ्यानं उडून रान बोडकं झालं होतं, तेव्हा तिनं या रांगा लावल्या, पाचोळा जागीच कुजू दिला, मधल्या पट्ट्यांत कडधान्य पेरलं. यंदा कुठं ढेकळात गांडुळं दिसू लागली होती. आणि सासऱ्यांनी बाबांना झाडं कापायचा शब्द देऊन टाकला होता.

"मामंजी, जरा थांबा ना."

"तुझं ऐकलं म्हणूनच ही वेळ आली," सासरे म्हणाले.

बाबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "जमिनीला ज्यानं धरलंय, त्यानंच हिलाही धरलंय."

"तरीच!" कुणीतरी म्हणालं.

आता ती बोलली तर झपाटलेली, गप्प राहिली तर झाडं गेली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो चपलेनं ढेकूळ फोडत होता. मान वर करेना.

सासऱ्यांनी पहिला घाव घातला. बुंध्यावरचा पांढरा टवका तिच्या पायाशी उडाला.

चुना! वाळवी लागू नये म्हणून तिनंच गेल्या वर्षी बुंध्यांना फासला होता. ओघळ खालच्या मातीत मुरले होते. नंतर चुन्याची बादली लिंबानं घासताना ती अशीच फसफसली होती. आणि बाबांच्या पाण्याला अत्तराआड आंबूस वास होता.

ती धावत घरात गेली, दोन लिंबं चिरून आणली. पण स्वतः पिळली नाहीत. सासऱ्यांपुढे धरली.

"तुमच्या हातानं पिळा. झाडावर नको, त्या टाकीवर."

रानातल्या सिमेंटच्या टाकीलाही तेव्हाच चुना लावला होता. सासऱ्यांनी वैतागून लिंबू पिळलं. टाकीवर फेस आला.

"टाकीला कुठं मुळं आहेत, मामंजी?"

"लिंबू मंतरलेलं आहे!" बाबा ओरडले.

"माझ्या दुकानातलं आहे ते," गर्दीतला किराणावाला म्हणाला. "मंत्र मारायला मला वेळ कुठंय?"

गर्दीत हशा पिकला. मग ज्यानं त्यानं पिळून पाहिलं; प्रत्येकाच्या हातून फेस आला. जुन्या चुन्यावर आंबट पडलं की वायू सुटतो, एवढीच ती करामत. बाबा टेम्पोत बसले.

सासऱ्यांनी घावावर ओली माती थापली. मग कुऱ्हाड तिच्या हातात दिली.

गर्दी पांगली, पण शेजारच्या रानाचा मालक जागचा हलला नव्हता. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "मी काल बाबांचं ऐकून माझी सगळी झाडं कापली. फुटतील का?"

"काही फुटतील," ती म्हणाली. खालची सावलीतली माती आता उन्हात पडली होती, ती वाऱ्यानं उडेल, हे तिनं सांगितलं नाही.

चमत्कार खुशाल पाहावा. पण कुऱ्हाड उचलण्याआधी तो आपल्या हातानं करून पाहावा.