यामे म्हणेपर्यंत

मी एक जुना काळा पट्टा आहे. आता मला नीट पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हा कुठला काळा, हा तर पांढरा! मित्रांनो, तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे. माझा स्वतःचाच झालेला आहे आणि तो अजून निस्तरलेला नाही.

माझा जन्म शिलाई यंत्राखाली झाला. पोटात पांढऱ्या सुती कापडाच्या घड्या, वर काळं कापड आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवणींच्या रांगा. शिवणाऱ्या बाईंनी मला वाकवून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा काही ऐकणाऱ्यातला नाही. कमरेला बांधेल त्याची खैर नाही." मी समजलो, पॅन्ट धरून ठेवणं हे आपलं काम. पहिल्याच दिवशी कळलं की कराटेच्या पॅन्टला वेगळी नाडी असते. मग मी कशासाठी? हा माझा पहिला गोंधळ. शिवाय तिथे मला पट्टा न म्हणता ओबी म्हणू लागले. बारसं झालं, पण मला कुणी विचारलं नाही.

ज्यांच्या कमरेला मी आलो त्यांना सगळे सेन्सेई म्हणत, म्हणजे गुरुजी. टायरच्या दुकानावर एक लांबट खोली होती, लाकडी जमिनीची, एका भिंतीला आरसा लावलेली. संध्याकाळी तिथे ते शिकवत. शिकायला येणाऱ्यांत एक बेकरीवाला होता, चष्मे दुरुस्त करणारे एक काका होते, शाळकरी मुलं-मुली होत्या. आणि पहिल्या रांगेत अगदी समोर सेन्सेईंची लेक असे. तिला सगळे ताई म्हणत.

ही माणसं खाली रस्त्यावर साधं, समजेल असं बोलत. जिना चढून चपला काढल्या की त्यांची जीभच बदले. "हाजिमे" म्हटलं की सुरू करायचं. "मावात्ते" म्हटलं की अख्खी रांग गर्रकन मागे वळे. "रे" म्हटलं की सगळे कमरेत वाकत आणि मी सेन्सेईंच्या पोटात रुतत असे. मोजायचं ते इची, नी, सान, शी. आणि ओस! हा शब्द मला आजतागायत उमगलेला नाही. समजलं तरी ओस, नाही समजलं तरी ओस, लागलं तरी ओस, उशीर झाला तरी ओस. एका शब्दावर संसार चालावा तसा त्यांचा वर्ग चाले.

बेकरीवाल्याने एकदा विचारलंच, "सेन्सेई, आपण सरळ थांबा का म्हणत नाही? यामे कशाला?"

"घरी मी रोज थांबा म्हणतो," सेन्सेई म्हणाले. "कोण थांबतं?"

सगळे हसले. मग त्यांनी गंभीर होऊन सांगितलं, "शब्दाने सुरू झालेलं शब्दानेच संपलं पाहिजे. यामे ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही. छप्पर कोसळलं तरी."

वर्गाच्या शेवटी सगळे गुडघे मुडपून बसत. सेन्सेई म्हणत, "मोकुसो." म्हणजे डोळे मिटा, मन शांत करा. ते यामे म्हणेपर्यंत उघडायचे नाहीत. यात सेन्सेईंना भारी गंमत वाटे. कधीकधी ते मुद्दाम यामे लांबवत, पावलं न वाजवता खिडकीपर्यंत जाऊन येत, कोण किलकिल्या डोळ्यांनी बघतंय ते हेरत. सापडला की जोर काढायची शिक्षा. बेकरीवाला हमखास सापडे. ताई कधीच नाही. लहान असताना एकदा तिच्या नाकावरून मुंगी चालत गेली, पण पोरीने पापणी हलवली नाही. तेव्हा सेन्सेईंचा श्वास माझ्या गाठीखाली असा भरून आला की मला ताण पडला. पण तिला ते एका शब्दाने बोलले नाहीत. घरी जाऊन तिच्या आईला सांगितलं. जिचं कौतुक तिलाच का सांगत नाहीत, हे मला कळेना.

वर्षं गेली. मी झिजलो. काळं कापड गाठीपाशी विरलं, आतला पांढरा दिसू लागला. लहान मुलं म्हणत, सेन्सेईंचा पट्टा फाटला. मोठी माणसं म्हणत, वा, काय पट्टा आहे! फाटण्याचंही कौतुक होतं, हे मी तिथेच पाहिलं.

आणि मग ती संध्याकाळ आली. सेन्सेईंनी मोकुसो म्हटलं, सगळ्यांनी डोळे मिटले. मला पापण्या नाहीत, मी काय मिटणार? गाठीखालचा श्वास एकदम वाकडातिकडा झाला. सेन्सेईंचा उजवा हात मांडीवरून घसरला. त्यांनी तोंड उघडलं. यामे म्हणायचं होतं त्यांना, मला पोटातून जाणवत होतं, पण तोंडातून हवेशिवाय काही येईना. समोर सगळे डोळे मिटून बसलेले. खाली टायरच्या दुकानात हवा भरायचं यंत्र धडधडत होतं. ताई हाताच्या अंतरावर होती. मी जीव तोडून ओरडलो असतो, पण पट्ट्याला कुठला आवाज! आज फार लांबवलं, असं प्रत्येकाला वाटलं असणार. यामे आलं नाही, म्हणून कुणी बघितलं नाही. सेन्सेई एका अंगावर कोसळले, जमीन वाजली, तेव्हा ताईने डोळे उघडले.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे कधीपासून सुरू झालं? वेळ नीट सांगा, त्यावर औषध ठरतं."

ताई म्हणाली, "माहीत नाही. डोळे मिटले होते."

सेन्सेई वाचले. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. घरी त्यांना खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, मला दारामागच्या खुंटीवर. त्यांचा जीव टांगणीला आणि मी खुंटीला, असे आमचे दिवस सुरू झाले. घामाचा वास येतो म्हणून ताईच्या आईंनी मला बादलीत बुडवलं. मित्रांनो, काळा पट्टा धुवायचा नसतो, तसा रिवाजच आहे. एरवी ताईने घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी तिने बादलीत नुसतं पाहिलं आणि निघून गेली. तिचं किती बिनसलंय ते मला तेव्हा कळलं.

पण खरा गोंधळ पुढे झाला. एके सकाळी सेन्सेई पाणी मागायला गेले आणि म्हणाले, "सान." आईंनी खिडकी लावली. "सान, शी!" आईंनी पांघरूण आणलं. कूस बदलायची असली की ते "मावात्ते" म्हणत. घरच्या भाषेतला एक शब्द येईना आणि ते परके शब्द मात्र भराभर येत. मी चक्रावून गेलो. ज्या शब्दांना मी पाहुणे समजत होतो, ते घरात राहिले आणि घरचेच परागंदा झाले?

बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी समजावलं, "मोजणी, वर्षानुवर्षं घोकलेले शब्द कधीकधी वाचतात. बाकीचे हळूहळू येतील."

"म्हणजे माझं नाव घोकलं नव्हतं यांनी?" आई म्हणाल्या.

"नावाने हाक मारतात का?"

"छे. अगं म्हणतात."

"मग अगं येईल."

आणि आलं हो! चार-आठ दिवसांनी सेन्सेई "अगं" म्हणाले आणि आई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. पण एक शब्द काही केल्या येईना. यामे. आई पेल्यात पाणी ओतत, ते पुरे म्हणतील म्हणून वाट बघत आणि पेला भरून ताट भिजे. सेन्सेईंच्या गळ्याच्या शिरा ताठ होत, बस्स.

ताई खोलीत यायची ती औषध द्यायला. वर्ग तिने सोडला होता, बेकरीवाला कसाबसा चालवत होता. एकदा दाराशीच ती आईंना म्हणाली, "मी समोर बसले होते गं. बाबा परीक्षा घेतायत असं वाटलं मला. एक डोळा उघडला असता तर?" आईंनी तिला जवळ घेतलं. खुर्चीत सेन्सेईंनी ते ऐकलं. ते काहीतरी सांगू बघत होते, पण शब्द कुठून आणणार?

एका दुपारी त्यांनी डाव्या हाताने खुंटीकडे दाखवून इतका हट्ट केला, की आईंनी मला काढून त्यांच्या सदऱ्यावरच बांधलं. खोक्याला सुतळी बांधावी तसं. तेवढ्यात ताई औषध घेऊन आली. ती गाठ पाहिली आणि तिला राहवेना.

"आई, हे काय गं!" म्हणत ती त्यांच्यासमोर गुडघे मुडपून बसली, मला सोडलं, दोन वेढे दिले, टोकं सारखी केली आणि गाठ ओढून घट्ट केली. किती दिवसांनी मला माझी जागा मिळाली!

ती उठणार तोच वरून आवाज आला. "मोकुसो."

ताई थिजली. "नाही बाबा. मी नाही मिटणार. आता कधीच नाही."

"मोकुसो," सेन्सेई पुन्हा म्हणाले, अगदी हळू.

तिने डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांतून पाणी वाहू लागलं. माझ्या गाठीखाली श्वास जमू लागला. एकदा निसटला. पुन्हा जमला. आई दारात तोंडावर हात धरून उभ्या. माझी जुनी शिवण उसवते की काय असं मला वाटलं, इतका जोर त्या पोटात आला.

"या..." सेन्सेई म्हणाले. "या... मे. यामे."

ताईने डोळे उघडले. त्या संध्याकाळी सुरू झालेला वर्ग तेव्हा संपला.

"रे," सेन्सेई म्हणाले आणि दोघं एकमेकांपुढे वाकले. मी मधे चेपलो, पण माझी तक्रार नव्हती.

आता सेन्सेई टायरच्या दुकानावर खुर्चीत बसून मोजतात आणि ताई पहिल्या रांगेत उभी असते. ओस म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. मला पुन्हा धुवू नका, एवढी विनंती मात्र आहे. आणि मित्रांनो, आणखी एक. सांगितलेलं जरूर ऐका, पण शब्द यायला फार उशीर होतोय असं वाटलं तर एक डोळा उघडून आपल्या माणसाकडे बघा. शिक्षा झाली तर जोर काढा.

हल्ली मोकुसोच्या वेळी ताईचा एक डोळा किलकिला असतो. सेन्सेईंना तो दिसतो. ते तिला जोर काढायला लावत नाहीत.