उगारलेली काडी

वाद्यवृंदातले सगळे मावशींच्या गजाकडे बघून वाजवतात, हे नव्या संचालकाला पहिल्याच तालमीत कळलं. नाक खाजवायला त्याने ताल दाखवायची काडी खाली ठेवली, तरी एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. मावशी म्हणजे पहिलं व्हायोलिन. कित्येक संचालक त्यांनी घरी बसवले होते आणि स्वतः ठणठणीत होत्या.

आज त्याच्या परीक्षेचा कार्यक्रम होता. तो संपला की वादक हात वर करून ठरवणार, हा राहतो की जातो.

"तू तरी बघ गं माझ्याकडे," तो बायकोला म्हणाला. ती मागच्या रांगेत व्हायोलिन वाजवायची.

"घरी बघते तेवढं पुरे. शिवाय मावशी रागावतात."

खरी धास्ती होती ती रचनेच्या मध्यावर येणाऱ्या शांततेची. ती कधी मोडायची, हे संचालकाने ठरवायचं. पण तालमीत मावशीच मान हलवून ती मोडायच्या.

"मावशी, त्या जागी जरा मला..."

"बाळ, तू काडी धर. बाकी आम्ही बघतो."

कार्यक्रमात ती जागा आली. शांततेआधीचा शेवटचा सूर कडाडला आणि त्याबरोबर मावशींची तार तटकन तुटली. अशा वेळी शेजाऱ्याने आपलं व्हायोलिन मुकाट्याने द्यायचं, ही या मंडळींची रीत. शेजारच्या जाड्याने ते दिलंही, पण त्याखालची उशी जाड्याच्या मापाची, मावशींच्या खांद्यावर ते बसेना.

सगळ्यांच्या नजरा मावशींवरून उठल्या आणि संचालकावर येऊन बसल्या. बायकोचीसुद्धा! इतके दिवस ज्यासाठी नवस केला ते समोर आलं.

आत्ता काडी खाली आणली तर सगळे त्याच्यामागे येणार आणि मावशी एकट्या मागे राहणार. मोह झाला. पण मावशी अजून ते व्हायोलिन हनुवटीखाली सरकवत होत्या. तो थांबला. सभागृहात कुणी खोकलं, कुणी टाळी वाजवायला हात उचलले. काडी तशीच वर. घाम कानामागून कॉलरमध्ये उतरला.

अखेर व्हायोलिन बसलं. मावशींनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, अगदी विचारल्यासारखं. काडी खाली आली आणि सगळा वाद्यवृंद एका श्वासात सुटला. क्षणभर त्याला वाटलं, आपल्या हाताला पंख फुटलेत.

नंतर पडद्यामागे हात वर झाले. मावशींचा, जाड्याचा, सगळ्यांचा. एक सोडून.

"अगं, तू?"

"घरच्यांनी हात वर केला की लोक बोलतात," बायको व्हायोलिन पुसत म्हणाली. "आणि खरं सांगू? जरा जास्तच थांबलास."

राहिलेल्या संचालकाने रुमाल काढला आणि कपाळ पुसलं.